बिनपाटीचा शनिवार

गॅब्रिएल मास्तर म्हणजे देवमाणूस, असं ठाण्यात सगळेच म्हणत. कोर्टातले कारकून म्हणत, बंदरावरचे कोळी म्हणत, आणि राबोडीचे कोकणी मुसलमानही म्हणत. असं नाव एकदा पडलं की माणसाला बरं वाटतं, अंगावर मूठभर मांस चढतं. पण ते नाव पुढं कधी काढून ठेवायची वेळ आली, तर ते निघत नाही. मास्तरांना हे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि कळून काही उपयोग झाला नाही.

गॅब्रिएल मिस्किता मूळचे माजिवड्याचे. बाप भाताची शेती करी आणि रविवारी देवळात फिडल वाजवी. पोराचा गळा गोड म्हणून पाद्रीबाबांनी त्याला लॅटिन गाणी शिकवली. अर्थ विचारला की म्हणत, गा. अर्थ देवाला कळतो. पुढं बापानं त्याला सरकारी मराठी शाळेत घातला, तर तिथल्या पंतोजींनी फिरंग्याचं पोर म्हणून पडवीत बसवला. आतले आकडे बाहेरून ऐकून तो गणित शिकला. मग मुंबईला पाद्र्यांच्या शाळेत गेला. तिथं गोव्याकडची मुलं त्याच्या लुगडं नेसणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या आईला हसत. ना घरचा ना घाटचा, अशी त्या पोराची गत होती. एरवी मऊ स्वभावाच्या या माणसाच्या मनात एक गोष्ट मात्र तेव्हाच हट्टानं बसली: आपल्या हातात कधी शाळा आली, तर तिथं एकही पोर वेगळं बसणार नाही.

आणि शाळा आली. खाडीवरच्या पुलाच्या कामाला आलेल्या एका गोऱ्या इंजिनिअरची विधवा स्टेशनाजवळच्या बंगल्यात मुलं जमवून शिकवत असे. म्हातारी मेली तेव्हा बंगला शाळेला ठेवून गेली. कुठल्याही जातीचं, धर्माचं, देशाचं पोर दारातून परत जाता कामा नये, एवढीच तिची अट होती. तिच्या मृत्युपत्राप्रमाणं कारभार बघणाऱ्या मुंबईच्या पंचांनी शोधून शोधून गॅब्रिएल मास्तरांना नेमलं.

काय काय पोरं होती म्हणता तिथं! रेल्वेच्या गार्डाचा नॉर्मन, बाप अर्धा आयरिश, आई कुठली ते आईलाही नीट सांगता येत नव्हतं. स्टेशनातल्या पारशी कारकुनाची दोन मुलं. राबोडीची रुकय्या. कळव्याच्या मिठागरावर राबणाऱ्या राघोची सगुणा, जी खाडीपलीकडून येई आणि पायांना पांढरं मीठ घेऊनच वर्गात शिरे. चऱ्हईतली किरिस्तावांची पोरं, दोन मद्राशी, एक चिनी सुताराचा मुलगा. आणि नऊ इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणत, तेच हे लोक. घाणे कधीच सुटले होते, आता ते इस्पितळात, पोलिसात, रेल्वेत नोकऱ्या करत. पण शनिवारचा शब्बाथ, कसलंही काम न करण्याचा दिवस, सुटला नव्हता.

पाण्याचे तांबे ज्याचे त्याचे वेगळे होते. तिथं मास्तरांचं काही चाललं नाही. पण बाकं मात्र सगळ्यांची एक. नॉर्मन पावकी-दिडकीचे पाढे अशा काही सुरात म्हणे की बाहेर टांगेवाले थांबून हसत. मग मास्तर खिडकीतून डोकं काढून सांगत, "तुम्ही म्हणून दाखवा की औटकी!" टांगेवाले घोडा हाकत.

शनिवारचं लचांड पहिल्याच वर्षी उभं राहिलं. मुसाजी झिराडकर, सिव्हिल इस्पितळातला कंपाउंडर, आपल्या आठ वर्षांच्या मिलकाला घेऊन आला. दाढी नीट कातरलेला, बेताचं बोलणारा माणूस. म्हणाला, "मास्तर, पोरगी शनिवारी येईल, ऐकेल, बोलेल. पण त्या दिवशी ती लेखणी धरणार नाही. तुमचं वचन असेल तर पाठवतो. ही आली की आमची बाकीचीही येतील."

मास्तरांनी वचन दिलं. आणि नुसतं वचन देऊन थांबते तर ते गॅब्रिएल मास्तर कसले! एकटी मिलका हात बांधून बसणार आणि बाकीचे लिहिणार, हे त्यांना बघवेना. त्यांनी ठरवून टाकलं की शनिवारी कुणीच लिहायचं नाही. सगळ्यांच्या पाट्या खुंटीला. दिवसभर तोंडी हिशेब, नकाशे, कविता, ऐकलेली गोष्ट उलटून सांगणं. मुलांना हा बिनपाटीचा शनिवार इतका आवडला की त्या दिवशी गैरहजेरी म्हणून नसे. इस्रायल लोकांना तर मास्तरांना कुठं ठेवू आणि कुठं नको असं झालं. देवमाणूस हे नाव पडलं ते तेव्हापासून.

आता यात एक गोम होती. सरकारी मदत मिळणाऱ्या शाळेला वेळापत्रक वर धाडावं लागे, आणि त्यात आठवड्याला लेखनाचे अमुक तास दाखवावे लागत. मास्तरांनी पहिल्या वर्षी शनिवारच्या रकान्यात लिहिलं, "शुद्धलेखन व कित्ता". म्हटलं, पुढं सवडीनं साहेबाला समजावून सांगू. सवड कसली होतेय! दर वर्षी तोच तक्ता नकलून वर गेला. सहा वर्षं गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मास्तरांनी ती झाकूनच ठेवली. ती उघडली तर मदत जाईल आणि शाळा बंद पडेल, ही धास्ती मात्र त्यांच्या पोटात कायम राहिली.

मिलका चौदा वर्षांची झाली. अशी मुलगी मास्तरांनी दुसरी पाहिली नव्हती. मोठी बोलकी नव्हे, पण एकदा ऐकलेलं तिच्या डोक्यातून जात नसे. खालच्या वर्गाला ती शिकवू लागली की मास्तर पाठीमागं उभे राहून ऐकत आणि आपण काय चुकत होतो ते त्यांना कळे. तिला पुण्याच्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात पाठवायचं, हे मास्तरांनी दोन वर्षं मुसाजीच्या मागं लागून कबूल करून घेतलं होतं. जिल्ह्यातून एकाच मुलीला विद्यार्थीवेतन मिळणार होतं. सहाव्या इयत्तेच्या परीक्षेत जी पहिली येईल तिला. मुसाजीनं आपली बाजूही स्वच्छ सांगून ठेवली होती: "आली पहिली, तर जाईल. नाहीतर रेवदंड्याहून मागणं आलंय, ते मी फार दिवस लोंबकळत ठेवू शकत नाही." रेवदंड्याचा नवरा बिजवर होता, दोन पोरांचा बाप. मिलकाला मास्तरीण व्हायचं होतं. तिनं ते एकदाच बोलून दाखवलं होतं. म्हणाली होती, "मास्तर, मी शिकवते तेव्हा मला भूक लागत नाही."

त्या वर्षी शाळा तपासणारे नवे डिप्टी आले. जानेवारीत त्यांचं पत्र आलं: येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वार्षिक परीक्षेस येत आहोत, सदर दिवशी हरकत असल्यास उलट टपाली कळवावे.

मास्तर ते पत्र दोन दिवस खिशात घेऊन हिंडले. हरकत होती. पण हरकत लिहायची तर कारण लिहावं लागणार, आणि कारण लिहायचं तर सहा वर्षांचे शनिवार चव्हाट्यावर येणार. मग माणसाचं मन करतं तेच त्यांच्या मनानं केलं. स्वतःची समजूत घातली. जुने डिप्टी पहिल्या दिवशी तोंडी घेत आणि लेखी दुसऱ्या दिवशी. हेही तसंच करतील. शनिवारी तोंडी, सोमवारी लेखी. सुंठीवाचून खोकला जाईल. त्यांनी टाक उचलला आणि लिहिलं, "कोणतीही हरकत नाही."

तो शनिवार आला. नवे डिप्टी पुण्याकडचे, पागोटं बांधलेले, किडकिडीत, भराभर चालणारे. सोबत एक कारकून आणि पाण्याचा तांब्या घेतलेला शिपाई. लहान वर्गांची तोंडी परीक्षा घ्यायला त्यांनी कारकुनाला पलीकडच्या खोलीत पाठवलं आणि स्वतः सहावीपुढं खुर्ची ओढली. सहावीत तिघंच होती: सगुणा, नॉर्मन आणि मिलका. त्यांनी आधी चार हिशेब तोंडी घातले. मुलांनी ते चुटकीसरशी केले. डिप्टी खूश झाले. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"वा," डिप्टी म्हणाले. "आता कागद आणि टाक घ्या. लेखी आजच उरकू, सोमवारी मला भिवंडीला जायचंय."

कुणी हललं नाही. सहा वर्षांची सवय होती. नॉर्मननं मास्तरांकडं पाहिलं, सगुणानं मास्तरांकडं पाहिलं. डिप्टींनी भिवया वर केल्या. "काय झालं? टाक नाहीत का शाळेत?"

"आहेत, आहेत," मास्तर म्हणाले. त्यांनी स्वतः कपाट उघडून कागद काढले. नॉर्मन आणि सगुणानं टाक उचलले. मिलका हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्या तोंडावर भीती नव्हती, हेच मास्तरांना सहन होईना. मास्तर आता काहीतरी बोलतील, याची तिला खात्री होती.

एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, ही मुलगी शनिवारी लिहीत नाही. एवढंच. मग डिप्टी विचारणार, तुमच्या तक्त्यात तर शनिवारी शुद्धलेखन आहे? दौत सरळ करण्याच्या निमित्तानं मास्तर मिलकाच्या बाकावर वाकले आणि हळूच म्हणाले, "लिही, मिलका."

"मास्तर, आज शनिवार आहे."

"ठाऊक आहे मला. लिही."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. लांबून ओळखीचा वाटलेला माणूस जवळ आल्यावर परका निघावा, तसं. मग तिनं टाक उचलला. पहिल्या ओळीत अक्षरं वाकडी पडली. पुढं सरळ झाली. दोन तास ती मान वर न करता लिहीत होती आणि मास्तर खिडकीशी उभे होते. आपण आत्ता काय केलं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी मनाच्या एका कोपऱ्यात ते म्हणत होते, पहिली तर येईल!

पेपर झाले. मुलं बाहेर गेली. डिप्टी आपल्या तांब्यातलं पाणी प्यायले, त्यांनी मिशा पुसल्या आणि मिलकाचा कागद उचलला. "उत्तम. जिल्ह्यात असा पेपर मी पाहिला नाही. झिराडकर... म्हणजे इस्रायल ना?"

"हो."

"मग शनिवारी टाक कसा धरला हिनं? मी पूर्वी कुलाबा जिल्ह्यात होतो. तिथं शाळांत इस्रायल मुलं पुष्कळ. त्यांची लेखी मी नेहमी रविवारी घेत असे. म्हणून तर तुम्हाला पत्रात विचारलं होतं, हरकत असेल तर कळवा. एक ओळ लिहिली असतीत तर उद्याही थांबलो असतो की. भिवंडी काही पळून जात नव्हती." मग ते हसून म्हणाले, "यांना तितकंसं वावडं नाही वाटतं. चांगलंच आहे. बरं, तोंडी हिशेब तुम्ही फार छान करून घेतलेत हो. काय करता नक्की?"

"सराव," मास्तर म्हणाले.

घरची, माजिवड्याची वाट त्या दिवशी त्यांना संपता संपेना. घरी त्यांनी ताटावर हात धुतला तो न जेवताच. बायको जोसेफिन माजिवड्याचीच, तिला पाठ दाखवून बसलेला नवरा लगेच कळे. तिनं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "आता तिच्या बापाला जाऊन सांगा. आपल्या तोंडानं सांगा. त्यो तुमच्याकडं येवाच्या आधी."

मास्तर म्हणाले, उद्या देवळातली मिसा झाली की जातो. पण मिसा आटपून ते घरी आले तर मुसाजी ओट्यावर बसलेला होता. ठाण्याहून पायी आला होता. जोसेफिननं दिलेली खुर्ची त्यानं घेतली नव्हती.

"मास्तर," तो म्हणाला, "काल चांदण्या निघाल्या, शब्बाथ सुटला, आणि पोरीनं स्वतः होऊन सांगितलं. मी लिहिलं म्हणाली. मी विचारलं, मास्तरांनी सांगितलं का? तर म्हणते, नाही, माझ्या मनानं लिहिलं. आता तुम्ही सांगा. गुरूनं सांगितलं असेल तर तिचा दोष नाही. मग ते तुमच्या-माझ्यात राहील, काय भांडायचं ते आपण भांडू, आणि पोरगी पुण्याला जाईल. पण आपल्या मनानं शब्बाथ मोडला असेल, तर इथं माझ्या डोळ्यांसमोर ही गत, तिथं एकटी राहून काय करील? तेवढं एक सांगा. तुम्ही सांगितलंत का?"

उत्तर तयार होतं. रात्रभर तेच घोकलं होतं. पण तोंड उघडताना मास्तरांच्या डोळ्यांपुढं ती नऊ पोरं आली. हा उठला की नऊही उठणार. शनिवारचं बिंग फुटलं की राबोडीचे म्हणणार, आज त्यांचा शब्बाथ गेला, उद्या आमचा रोजा. राघो सगुणाला परत मिठागरावर नेणार. मग शाळेत कोण उरणार? जोसेफिन दारात उभी राहून नुसती बघत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. एखादी प्रार्थना म्हणण्याइतका नसेल, पण गेला.

"मी सांगितलं," मास्तर म्हणाले. "मुसाजीभाऊ, मीच तिला लिही म्हणालो."

मुसाजीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्यानं मास्तरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्यांच्या लोकांच्या रीतीप्रमाणं आपली बोटं ओठांना लावली.

"खरं असतं तर एवढा वेळ लागला नसता, मास्तर."

"अहो, खरंच सांगतोय! मायेची शपथ. डिप्टींचं पत्र आलं होतं, मी हरकत नाही म्हणून लिहिलं. वेळापत्रकात शनिवारी शुद्धलेखन दाखवलंय मी, सहा वर्षं. ते उघडं पडेल म्हणून भ्यालो. ती म्हणाली होती मला, आज शनिवार आहे. मी ऐकलं नाही."

मुसाजी मान हलवत राहिला. मास्तर जितकं बोलत, तितकं त्याला जास्त पटत गेलं की हा भला माणूस पोरीसाठी आपली अब्रू पणाला लावतोय. "आमच्या नऊ पोरांसाठी तुम्ही सगळ्या शाळेच्या पाट्या खुंटीला ठेवल्यात," तो म्हणाला. "तो माणूस माझ्या पोरीला शनिवारी लिही म्हणेल? कुणाला सांगता! तिच्यासाठी खोटं बोलायला निघालात, हे मी जन्मात विसरणार नाही. पण मी बाप आहे. मला फसून चालायचं नाही." तो उठला. जोसेफिनला त्यानं नमस्कार केला आणि उन्हातून चालू लागला.

मास्तर त्याच्यामागं फाटकापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले. जोसेफिन आतून म्हणाली, "झटकन बोलायचं होतंत वो. झटकन."

निकाल महिन्यानं आला. मिलका झिराडकर, जिल्ह्यात पहिली. विद्यार्थीवेतनाचा कागद मास्तर स्वतः मुसाजीकडं घेऊन गेले. मुसाजीनं तो डोळ्यांना लावला, घडी घातली आणि परत दिला. शाळेतून एकही इस्रायल पोर गेलं नाही. उलट कल्याणहून दोन नवी आली. मास्तर पोरीसाठी खोटं बोलायला निघाले होते, ही गोष्ट त्यांच्या मशिदीत, म्हणजे सिनेगॉगला ते म्हणत त्या मशिदीत, सर्वतोमुखी झाली होती, आणि वाटेत भेटेल तो मास्तरांचा हात हातात घेई. मास्तरांना तो हात तोडून टाकावासा वाटे. त्यांनी आणखी दोघांतिघांना खरं सांगून पाहिलं. त्यांनीही मुसाजीसारखीच मान हलवली. मग त्यांनी सांगणं सोडलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मिलका शाळेत आली. सोबत धाकटी चुलतबहीण होती, ती अंगणात खेळत राहिली. मिलकाच्या हातांना मेंदी होती. घरी नेलेलं भूगोलाचं पुस्तक तिनं टेबलावर ठेवलं.

"मिलका," मास्तर म्हणाले, "बाबांना खरं का नाही सांगितलंस?"

"शाळा बंद झाली असती ना," ती म्हणाली, जणू हिशेबाचं उत्तर देत होती. "सगुणा घरी बसली असती, रुकय्या बसली असती. एका मुलीपेक्षा शाळा मोठी. तुम्हीही तसंच ठरवलं होतंत ना, मास्तर?"

आपण तसं ठरवलं नव्हतं, आपण नुसते भ्यालो होतो, हे त्या मुलीला सांगायचं धैर्य मास्तरांना झालं नाही. तिनं निदान असं समजावं की यात काही विचार होता.

बाहेर चुलतबहीण हाका मारू लागली. मिलका पदर सावरून वळली, आणि मास्तर काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. "तिकडं रेवदंड्याला दोन मुलं आहेत म्हणे. पुढं तुझीही होतील. बाबा म्हणत होते, सगळ्यांना शिकायला ठाण्याला पाठवायचं, माझ्याच हाताखाली. पाठवशील ना?"

राग तिच्या चेहऱ्यावर तेव्हाही नव्हता.

"नाही, मास्तर," ती म्हणाली, आणि बहिणीचा हात धरून घरी गेली.